संगणकाचं बिऱ्हाड मोठ्या डिस्कवर हलवताना



आज संगणकाबद्दल बोलायचं आहे. ज्यांच्या ग्रामसंघाच्या कार्यालयात संगणक आहे त्यांनी नीट ऐका. ज्यांच्याकडे नाही त्यांनीही ऐका, कारण तो आला की चार-पाच वर्षांत ही वेळ येतेच.

आमच्या संगणकात १२० जीबीची एसएसडी होती. एसएसडी म्हणजे सगळं साठवायची डिस्क. तिच्यात फिरणारी तबकडी नसते, म्हणून ती जुन्या हार्ड डिस्कपेक्षा भराभर चालते. गटांची कर्जखाती, बैठकांची इतिवृत्तं, मसाल्याच्या पुड्यांची लेबलं, मेळाव्यांचे फोटो, बायांच्या आधार कार्डांच्या प्रती, सगळं तिच्यातच साठत गेलं. शेवटी सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली आणि विंडोजचं अपडेट जागेअभावी अडायला लागलं. रिसायकल बिन रिकामा केला, डाउनलोडमधला कचरा काढला, त्यावर महिनाभर निभावलं. मग बैठकीत ठराव करून ४८० जीबीची नवी डिस्क घेतली.

दुकानात आम्हाला सांगण्यात आलं, “ताई, नव्या डिस्कवर नवीन विंडोज टाकतो, जुनी फॉरमॅट करून देतो.” आम्ही नको म्हटलं. संगणकात व्हायरस असेल किंवा विंडोजच बिघडलेलं असेल तर नव्याने टाकणं बरं. पण आमचं सगळं सुरळीत होतं, फक्त जागा कमी होती. नव्याने टाकलं की हिशेबाचं सॉफ्टवेअर, मराठी टायपिंग, प्रिंटर सगळं पुन्हा बसवा.

काही जणी विचारतात, मग सगळ्या फायली कॉपी करून नव्या डिस्कवर का टाकायच्या नाहीत? फायली जातील, पण संगणक सुरू होणार नाही. तो सुरू करणारा भाग डिस्कवर वेगळ्या, लपलेल्या कप्प्यात असतो, आणि तो साध्या कॉपीत येत नाही. म्हणून जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत काढावी लागते. याला क्लोन म्हणतात. दुकानात हाच शब्द वापरा. त्यासाठी क्लोनझिलासारखं फुकट सॉफ्टवेअर मिळतं, आणि बऱ्याच डिस्क कंपन्या स्वतःचंही देतात.

डिस्क विकत घेण्याआधी जुनी कोणत्या प्रकारची आहे ते बघून घ्या. काही डिस्क चपट्या डबीसारख्या असतात, काही च्युइंगमच्या पट्टीसारख्या. पट्टीवाल्यांतही साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार येतात. दिसायला सारख्या, पण एकीच्या जागी दुसरी चालेलच असं नाही.

काम सुरू करण्यापूर्वी हिशेबाच्या फायली पेन ड्राइव्हवर घ्या, हे सगळ्यात आधी. नव्या लॅपटॉपमध्ये बिटलॉकर नावाचं कुलूप असू शकतं. त्याची ४८ आकड्यांची किल्ली असते, ती वहीत उतरवून ठेवा. डिस्क बदलल्यावर संगणक ती मागू शकतो.

क्लोन करताना सॉफ्टवेअर विचारतं, कुठून घ्यायचं आणि कुठे टाकायचं. इथे घाई नको. उलटं झालं तर रिकामी डिस्क भरलेलीवर उतरते आणि सगळ्या गटांचे हिशेब पुसले जातात. आम्ही दोघींनी पडद्यावरचे आकडे मोठ्याने वाचले आणि मगच बटण दाबलं. १२० जीबीची डिस्क तिथे १११ दिसते आणि ४८० ची ४४७, त्यात फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

लाइट जाण्याची भीती आपल्याकडे असतेच. यूपीएस असेल तर उत्तम. मध्येच लाइट गेली तरी जुन्या डिस्कवरून फक्त वाचलं जात असतं, त्यामुळे ती सहसा शाबूत राहते. काम मात्र पहिल्यापासून करावं लागतं.

क्लोन झाला की संगणक बंद करा, जुनी डिस्क काढा, नवी जोडा आणि सुरू करा. दोन्ही एकदम जोडून सुरू केला तर कोणत्या डिस्कवरून चालू झाला तेच कळत नाही. आमचा सुरू झाला, पण सी ड्राइव्ह तेवढाच दिसला! उरलेली जागा डिस्क मॅनेजमेंटमध्ये वेगळी पडून होती. तिथे ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ दाबलं की ती जोडली जाते. मधे रिकव्हरीचा कप्पा आला तर ते बटण दाबलंच जात नाही. मग जाणकाराकडून तो कप्पा सरकवून घ्यावा लागतो. दुकानातून निघण्यापूर्वी सी ड्राइव्ह उघडून जागा वाढली का ते बघा आणि हिशेबाची एक जुनी फाइल उघडून पाहा.

जुनी डिस्क मागून घ्या. ती गटाच्या पैशातून घेतलेली आहे. आम्ही तिच्यावर तारखेची चिठ्ठी लावून ती कपाटात कॅशपेटीशेजारी ठेवली. निदान एक महिनाअखेरचा हिशेब नव्या डिस्कवर नीट निघेपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही, असं ठरलं आहे. पुढे केसिंगमध्ये घालून तीच बॅकअपला वापरता येईल. पण ती विकायची किंवा बदल्यात द्यायची असेल, तर नुसतं डिलीट करून देऊ नका. डिलीट केलेलं पुन्हा काढता येऊ शकतं, आणि तिच्यात आपल्या बायांचे आधार आणि बँक खात्यांचे नंबर आहेत. डिस्क पूर्ण पुसणारं सॉफ्टवेअर असतं, ते आपल्यासमोर चालवून घ्या.