नाव कळण्याआधी, नाव कळल्यानंतर



एखाद्या तरुण मुलीने काही वेगळं केलं, की लोक तिच्या कामाबद्दल बोलतात की तिच्याबद्दल? यासाठी मला माया लिनचं उदाहरण महत्त्वाचं वाटतं.

व्हिएतनाम युद्धात मेलेल्या अमेरिकन सैनिकांच्या वॉशिंग्टनमधल्या स्मारकासाठी १९८१ साली खुली स्पर्धा झाली. १,४२१ आराखडे आले. त्यांवर नावं नव्हती, फक्त क्रमांक. परीक्षकांनी १०२६ क्रमांक निवडला. तो निघाला येल विद्यापीठात शिकणाऱ्या २१ वर्षांच्या मायाचा. तिचे आईवडील चीनमधून आलेले.

तिने पुतळा सुचवलाच नव्हता. जमिनीत उतरत जाणाऱ्या काळ्या ग्रॅनाइटच्या दोन भिंती, त्यांवर मृतांची नावं. हुद्द्याप्रमाणे नव्हे, मृत्यूच्या क्रमाने. गुळगुळीत दगडात वाचणाऱ्याचा स्वतःचा चेहराही दिसतो. हा दगड आपल्या बंगळूरकडचा.

विरोधक म्हणाले, ही लाजेची काळी खूण आहे. झेंडा कुठे, वीर कुठे? सोबती गमावलेल्या सैनिकांचे हे प्रश्न मी उडवून लावणार नाही. काळा रंग लाजेचा का मानायचा, हे मात्र जॉर्ज प्राइस या कृष्णवर्णीय सेनाधिकाऱ्याने बैठकीत ठणकावून विचारलं. पण या प्रश्नांच्या आडून तिचं वय, तिचं बाईपण, तिचा चिनी वंश हेही निघालं. आराखडा निवडताना यातलं काहीच कुणाला ठाऊक नव्हतं!

भिंतीजवळ पुतळा उभारायला तिने अधिकृत समितीपुढे जाऊन विरोध केला. शेवटी तीन सैनिकांचा पुतळा आणि झेंडा आले, पण भिंतीपासून दूर. १९८२ साली भिंत तिच्या कल्पनेप्रमाणेच उभी राहिली.

भिंतीवर आज ५८,००० हून अधिक नावं आहेत. त्यांत बाया आठ. युद्धात राबलेल्या स्त्रियांच्या स्मारकासाठी १९९३ साल उजाडावं लागलं. आणि व्हिएतनामी मृतांची नावं तिथे नाहीतच. कुणाचं दुःख मोजलं जातं, हा प्रश्न भिंतीनेही पूर्ण सोडवलेला नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्या गटात पोस्टर, अहवाल, मसुदा आला, तर एकदा तो नाव झाकून पाहू या. आणि एखादीवर टीका झाली, तर कामावरच्या आक्षेपाला तिने उत्तर द्यावं. तिच्या वयावर, जातीवर, बाईपणावर बोट ठेवलं गेलं, तर उत्तर आपण सगळ्यांनी द्यावं. ते ओझं तिच्या एकटीवर टाकू नये.