सँडोला व्यासपीठावर मान का?



आपल्या या संमेलनाच्या व्यासपीठावर शक्तिवीर यूजेन सँडोची तसबीर पाहून काहींनी विचारले, हा परदेशी इथे कशाला? सँडो बनियनमुळे त्याचे नाव आपल्या घरोघरी आहे. माणूसही ओळखीचा व्हावा, अशी माझी इच्छा आहे.

सँडो १८६७ साली प्रशियातल्या कोनिग्सबर्गला जन्मला. प्रोफेसर अटिला हे त्याचे गुरू. १८८९ मध्ये लंडनला सॅम्सन या नामांकित शक्तिवीराचे जाहीर आव्हान स्वीकारून त्याने त्याला हरवले आणि रातोरात नाव कमावले. पुढे अमेरिका गाजवली. १८९४ मध्ये एडिसनच्या स्टुडिओत त्याचे चित्रीकरणही झाले. नुसती वजने उचलत राहिला असता तरी त्याला पैशांची ददात पडली नसती. पण टाळ्या वाजवणाऱ्या प्रेक्षकालाच व्यायामाला लावायचे, हे त्याने मनावर घेतले. १८९७ मध्ये लंडनला व्यायामसंस्था काढली, पुस्तके लिहिली, मासिक चालवले.

मला सर्वांत मोलाची वाटते ती १९०१ ची रॉयल अल्बर्ट हॉलमधली स्पर्धा. शरीरसौष्ठवाची ही पहिली मोठी स्पर्धा. परीक्षकांत सँडोबरोबर शिल्पकार चार्ल्स लॉज आणि शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉईल होते. नुसता फुगलेला दंड तिथे चालणार नव्हता. शरीराची प्रमाणबद्धता, त्वचेची कांती, एकूण आरोग्य, सारे पाहूनच नॉटिंगहॅमच्या विल्यम मरे यांना पहिला मान मिळाला. शक्तीच्या खेळात आरोग्याला गुण देणारा हा निकष मला कुठल्याही विक्रमापेक्षा थोर वाटतो.

व्यायामाने रोग बरे करण्याचे सँडोचे दावे पुढे फार वाढले, ते मला मान्य नाहीत. पण १९०५ च्या सुमारास तो हिंदुस्थानात प्रयोग करून गेला, तेव्हा जोर-बैठका आणि मल्लखांब जपणाऱ्या या देशाला त्याची तळमळ परकी नव्हती. १९२५ मध्ये तो लंडनला वारला.

आरोग्याला गुण देणारा सँडोचा निकष विसरून आज मुले चार महिन्यांत दंड फुगवायला निघतात आणि भलती इंजेक्शने घेतात. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. नव्या मुलामुलींची डॉक्टरांकडून तपासणी झाल्याशिवाय त्यांच्या हाती जड वजन द्यायचे नाही, असा ठराव खुल्या अधिवेशनात एकमताने करा आणि आपापल्या व्यायामशाळेत तो पाळा.