आरोग्यसेवेचे मोजमाप : आकडा कोणासाठी?



प्राथमिक आरोग्य केंद्रातील आकडे दरमहा तालुक्याकडे आणि तेथून जिल्ह्याकडे रवाना होतात. हे आवश्यकच आहे. परंतु जी माहिती केवळ वर जाते आणि काम घडते त्या गावी परतत नाही, तिच्यामुळे सेवा सुधारत नाही.

अमेरिकेतील आरोग्यतज्ज्ञ अवेदिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये सेवेची गुणवत्ता तीन अंगांनी पारखण्याची दिशा दाखविली : साधनसामग्री, कार्यपद्धती आणि फलित. औषधसाठा आहे का, हे पहिले अंग. नवजात बाळाचे वजन वेळेवर घेतले का, हे दुसरे. बाळ जगले का, हे तिसरे. पहिल्याचीच मोजदाद करून थांबल्यास उरलेली दोन अंगे अंधारातच राहतात.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत १९९३ ते १९९५ या काळात प्रथम जन्ममृत्यूंची काटेकोर नोंद केली. त्यानंतर गावातल्याच प्रशिक्षित स्त्रिया घरोघरी जाऊन बाळाचे वजन, ताप व श्वास तपासू लागल्या आणि आजारी बाळावर उपचार करू लागल्या. दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ असलेले नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षी २५.५ वर आले. मोजणी आणि कृती येथे एकाच हाती होती.

२०११ पासून आशा कार्यकर्त्यांच्या गृहभेटी हा राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग झाला. रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी सहा भेटी ठरल्या. म्हणून गावापुरती मोजमापे सोपी आहेत : जन्मलेल्यांपैकी किती बाळांना सर्व भेटी मिळाल्या? कितींचे वजन झाले? रुग्णालयात पाठविलेल्यांपैकी किती खरोखर पोहोचली? आकड्याखाली एकूण जन्मांची संख्या नसेल, तर त्यास अर्थ नाही.

धोका एकच आहे. मृत्यू नोंदविणाऱ्या कार्यकर्तीस जाब विचारला जाऊ लागला, की मृत्यू घटत नाहीत, नोंदी घटतात. ते बाळ दुसऱ्यांदा हरवते. म्हणून अधिकाऱ्यांनी प्रत्येक मृत्यूचे कारण शोधावे, दोषी नव्हे. पंचायत सदस्यांनी अंगणवाडीची यादी, आशांची यादी व जन्ममृत्यू नोंदवही दरमहा ताडून पाहावी. शिक्षकांनी त्या कामी साहाय्य करावे. सुटलेले नाव सापडणे, ही त्या बैठकीची पहिली फलश्रुती होय.