सुटीचा हिशेब



वसंतात दोन दिवस मोटारीने नाशिकपर्यंत जाऊन यावे, ही हौस आता लालबाग-परळातही रुळली आहे. ती चांगलीच आहे. रविवारची सुटी आपल्याला कोणी मेहेरबानीने दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली गिरणी कामगारांची संघटना उभारली, सभा घेतल्या, अर्ज केले. तेव्हा कुठे 10 जून 1890 रोजी ती पदरात पडली. इतक्या कष्टाची कमाई विचारानेच खर्च करावी.

पहिला प्रश्न, निघावे केव्हा? द्राक्षांची तोडणी बहुतेक मार्चअखेर आटोपते. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की मांडवावर नुसत्या काड्या उरतात. म्हणून होळीच्या सुमारास निघावे.

दुसरा प्रश्न रस्त्याचा. जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला. आठ किलोमीटरच्या बोगद्यातून सह्याद्री केव्हा ओलांडला हे कळतही नाही. परतताना तो बरा. जाताना मात्र कसारा घाटानेच जावे, आणि ऊन चढण्यापूर्वी घाटनदेवीपाशी थांबून दरी पाहावी.

नाशिक येण्याआधी पांडवलेणी लागतात. तेथे नहपान राजाचा जावई उषवदात याचा लेख आहे. सुमारे 1900 वर्षांपूर्वी त्याने भिक्षूंसाठी 3000 कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. 2000 दरमहा शेकडा एक व्याजाने, 1000 शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल काढावयाचे नाही, व्याज तेवढे वापरावयाचे. राजाच्या जावयाने विणकरांच्या संघटनेवर एवढा भरवसा ठेवावा, ही गोष्ट गिरणगावच्या माणसाने पायऱ्या चढून पाहण्याजोगी आहे.

दुसरा दिवस गंगापूर धरणाचा आणि वाइनच्या कारखान्यांचा. 1999 साली सुरू झालेला सुलाचा कारखाना याच बाजूला आहे. रस कसा काढतात, तो कसा मुरवतात, हे पाहावे. ज्याला चव घ्यावयाची त्याने घ्यावी. पण मग तिसरा प्रश्न येतो, आणि तोच खरा: गाडी कोण चालवणार?

100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क सापडला तर चालवणारा गुन्हेगार ठरतो. म्हणून आपण भाड्याची गाडी करतो आणि हिशेब मिटला असे समजतो. तो तेथे मिटत नाही. एका दिवसात जाऊन यावयाचे तर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास पल्ला पडतो. आपण सावलीत पेला हुंगत बसतो, चालक उन्हात गाडी राखतो, आणि रात्री पेंगत्या डोळ्यांनी आपल्याच मुलाबाळांना घाट उतरवतो. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली होती. कायदे बदलतात, माणसाची कंबर आणि डोळे तेच राहतात.

तेव्हा मंडळी, खर्चाच्या कागदावर पहिली ओळ चालकाच्या जेवणाची आणि अंथरुणाची लिहा. मुक्काम करा. दुपारी तीनला परत फिरा. आणि मळ्यात पेठ-सुरगाण्याकडचे मजूर द्राक्षे तोडताना दिसले, तर भावाबरोबर त्यांच्या रोजाचीही चौकशी करा.

दुसऱ्याची विश्रांती खाऊन भोगलेली सुटी लोखंड्यांच्या वारसांना शोभत नाही.