बाहेरची बाई

(कन्नड येथील महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)



आज एकाच शब्दाविषयी बोलायचे आहे. 'बाहेर'. साधाच शब्द. बाहेर पाऊस पडतो, बाहेर पाहुणे येतात. पण हा शब्द बाईला लागला की त्याचा अर्थ फिरतो.

पाळी आली की ती 'बाहेर बसली'. असते घरातच, पण चुलीपासून, देवापासून दूर. नवऱ्याचे दुसरीकडे संबंध असले तर ती दुसरी 'बाहेरची'. तो मात्र घरातलाच राहतो. सून वीस वर्षे राबली तरी भांडणात 'बाहेरून आलेली', आणि माहेरी 'परक्याचे धन'. मग बाईचे घर कोणते?

आपण कापूस वेचायला, मका सोंगायला, ऊसतोडीला घराबाहेरच जातो. तरीही बँक, सातबारा, ग्रामसभा हे 'बाहेरचे व्यवहार' पुरुषांचे! बाहेरचे कष्ट आपले, व्यवहार त्यांचे.

सगळ्यात घातक वापर 'बाहेरचं बघा' हा. बाई गप्प बसते, झोपत नाही, तिला झटके येतात. दवाखान्याआधी भगत आठवतो. मारहाण, कर्ज, मूल नाही म्हणून टोमणे, ही कारणे घरातली असू शकतात. पण 'बाहेरची बाधा' म्हटले की घरातल्या कुणालाच जाब द्यावा लागत नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणे, मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. झटके येणे, झोप उडणे यांवर दवाखान्यात उपचार आहेत.

'नीघ घराबाहेर' हे वाक्य तर आपण सर्वांनी ऐकले आहे. 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा सांगतो की सामाईक घरात राहण्याचा बाईला हक्क आहे, मग घर तिच्या नावावर असो वा नसो. तिला हाकलले तर संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, न्यायालयाकडून राहण्याचा आदेश मिळवता येतो.

म्हणून पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने ग्रामपंचायतीतून घराचा नमुना 8 चा उतारा काढून आणावा. त्यावर आपले नाव आहे का, ते एकत्र बसून वाचू. नसेल तर ते लावण्यासाठी अर्ज तिथेच लिहू. आणि कुणी कुणाला 'बाहेरची' म्हटले, तर तिथल्या तिथे विचारू: कशाच्या बाहेर? आणि हे ठरवले कुणी?