बाप्तिस्म्यानंतरची पाने



फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोलला छापले गेले. तेव्हापासून चालत आलेल्या मराठी ख्रिस्ती साहित्याच्या परंपरेतील या संमेलनाच्या व्यासपीठावर मला बोलायला उभे केलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे.

आपल्याकडे साक्ष सांगण्याची आणि लिहिण्याची रीत जुनी आहे. आधीचे आयुष्य कसे होते, प्रभू कसा भेटला, हे आपण ओघाने सांगतो. पण बहुतेक साक्षी बाप्तिस्म्यापाशी येऊन थांबतात. लग्नाचे वर्णन पानभर करावे आणि संसाराविषयी अवाक्षर काढू नये, तशी ही गत. देवाशी सख्य जुळते, तुटते, पुन्हा जुळते ते त्या संसारात. आणि नेमका तोच भाग आपण लिहायचा टाळतो. आज मला एवढेच मांडायचे आहे.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत त्या सांगतात की, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, ख्रिस्त अजून मिळालेला नाही, हे उमगायला त्यांना आठ वर्षे लागली. संस्कृतची पंडिता, शारदा सदन उभारणारी बाई हे उघडपणे लिहिते! पुढे त्यांनी केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातून आणलेल्या मुलींना सांभाळले आणि हिब्रू-ग्रीक शिकून बायबल मराठीत आणले. साध्या बायाबापड्यांना समजेल अशा मराठीचा त्यांनी आग्रह धरला. १९२२ साली मृत्यूच्या तोंडावर ते काम हातावेगळे झाले. त्यांच्या लेखी शब्द निवडणे हीसुद्धा उपासनाच होती, असे मला वाटते.

रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा. कवी म्हणून कीर्ती होती, मिशनमध्ये मान होता. तरी १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनी तिथे एकत्र बसावे, ही त्यांची ओढ. बावीस वर्षांनंतरही त्या माणसाचा शोध चालूच होता.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची वाट आणखी निराळी. नवऱ्यापाठोपाठ त्यांनी लगेच धर्म बदलला नाही. सोवळे सांभाळले, वाद घातले, स्वतःशी विचार केला आणि १९०० साली आपल्या मनाने आल्या. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्रात उपदेश शोधावा लागतो. भांडणे, फजिती, उपासमार आणि हसू मात्र पानोपानी आहे. त्यातूनच या बाईचा देवावरचा भरवसा वाचकाला कळतो.

आता आपल्याकडे पाहू. प्रार्थना करूनही घरातले आजारपण हटत नाही. गुडघे टेकतो, पण शब्द फुटत नाही. रविवारी उपासनेला जातो, गीत म्हणतो आणि कोरडेच परततो. हे दिवस कोणाच्या वाट्याला आले नाहीत? तरी आपल्या नियतकालिकांत ते क्वचितच उमटतात. विश्वास कमी पडला असे कोणी म्हणेल, ही धास्ती. पण स्तोत्रसंहितेतले ८८वे स्तोत्र अंधारातच संपते, आणि ते पवित्र शास्त्रातून कोणी काढलेले नाही. गेथशेमानेत खुद्द प्रभूने ‘हा प्याला टळो’ हीच प्रार्थना तीनदा केली. प्याला टळला नाही. रुसायचे तर आपल्याच माणसावर रुसतात. देवाकडे तक्रार करणाऱ्याने त्याच्याशी बोलणे सोडलेले नसते, हे आपण विसरतो.

म्हणून तरुण लेखकांना माझे सांगणे आहे : प्रवचन पाळकांना करू द्या. तुम्ही एका साध्या मंगळवारचे खरे लिहा, त्यात देवाचे नाव आले नाही तरी चालेल. संपादकांनी उत्तराशिवाय संपणारा लेख परत पाठवू नये. पाळकांनी अशा लेखकाला विश्वासात डळमळीत ठरवण्याआधी स्तोत्रसंहिता पुन्हा उघडावी.

कार्यकारिणीपुढे माझी एक सूचना आहे. पुढच्या संमेलनात एक सत्र केवळ बाप्तिस्म्यानंतरच्या वर्षांवरील लेखनासाठी ठेवावे, आणि ते जेवणानंतरच्या सुस्तीत ढकलू नये. सकाळी, सभागृह भरलेले असताना ते व्हावे. तिथे पहिला लेख वाचायला जो कोणी येणार असेल, त्याने आजच नाव नोंदवावे.