उत्तर कॅनडातील आकाशवाटा
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



परदेशाहून सुट्टीवर आलेल्या सभासदाने आपले अनुभव चार शब्दांत मांडावेत, ही आपल्या मंडळाची जुनी रीत आहे. तीनुसार चिटणीसांनी आम्हांस विमानोड्डाणाविषयी बोलण्याची आज्ञा केली. आरंभीच सांगितले पाहिजे की, आमच्यापाशी आहे तो केवळ खाजगी वैमानिकाचा परवाना. त्याच्या बळावर भाडे घेऊन उतारू नेता येत नाहीत. तोही मिळून फार दिवस झाले नाहीत. तेव्हा पराक्रमाच्या कथा ऐकण्यास जे आले असतील, त्यांची थोडी निराशा होईल.

उदरनिर्वाहासाठी आम्ही राहतो ते यलोनाइफ हे कॅनडाच्या वायव्य प्रदेशाच्या राजधानीचे गाव. वस्ती सुमारे वीस हजार. ते ६२ अक्षांशाच्याही वर, ग्रेट स्लेव्ह सरोवराच्या काठी वसले आहे. या सरोवराची खोली ६१४ मीटर असून उत्तर अमेरिकेत त्याहून खोल सरोवर नाही. जूनमध्ये तेथे दिवस वीस तासांचा होतो आणि डिसेंबरात सूर्य जेमतेम पाच तास दर्शन देतो. हिवाळ्यात पारा उणे चाळीसपर्यंत उतरतो. मोटार रात्री घराबाहेर उभी करताना तिच्या इंजिनाला विजेच्या तारेने ऊब द्यावी लागते, नाहीतर सकाळी ती हलत नाही. आमच्या घरी खिडकीत दिव्याखाली कुंडीत कोथिंबीर वाढते. फोडणीवर तिची चार पाने पडली की त्या दिवसापुरते आम्ही स्वदेशी असतो!

गावाला दक्षिणेकडून रस्ता आहे. परंतु वाटेत मॅकेन्झी ही महानदी आडवी येते. २०१२ च्या नोव्हेंबरात तिच्यावर पूल खुला झाला. तत्पूर्वी उन्हाळ्यात तरीने व हिवाळ्यात गोठलेल्या पात्रावरून वाहतूक चाले. पाणी गोठण्याच्या आणि बर्फ फुटण्याच्या दिवसांत मात्र काही आठवडे दोन्ही मार्ग बंद पडत, आणि भाजीपालासुद्धा विमानाने येई. त्याहून आतल्या कित्येक खेड्यांना आजही बारमाही रस्ता नाही. आपल्याकडे एस. टी. जे काम करते, ते तेथे विमान करते. उन्हाळ्यात त्यांतील काही विमाने तरंड्यांवर पाण्यात उतरतात, तर हिवाळ्यात तीच घसरपट्ट्या लावून बर्फावर उतरतात.

या वाहतुकीला थोर परंपरा आहे. ज्या १९२९ साली मुंबईत जे. आर. डी. टाटा यांनी हिंदुस्थानातील पहिला वैमानिक परवाना मिळवला, त्याच वर्षाच्या जानेवारीत कॅनडामध्ये वॉप मे आणि व्हिक हॉर्नर हे दोघे वैमानिक उघड्या बैठकीच्या चिमुकल्या विमानातून एडमंटनहून निघाले. उत्तरेस सुमारे साडेपाचशे किलोमीटरांवर फोर्ट व्हर्मिलियनकडे घटसर्पाची साथ होती, आणि त्यांच्यापाशी तिच्यावरील प्रतिविष होते. कडाक्याच्या थंडीत, वाटेत एक मुक्काम करून, त्यांनी दुसऱ्या दिवशी ते पोहोचवले. त्या काळचे वैमानिक संध्याकाळी इंजिनातील तेल काढून घेत आणि सकाळी ते चुलीवर तापवून पुन्हा ओतत.

आम्हांस ही तपश्चर्या करावी लागली नाही. कायद्याने किमान ४५ तासांचे उड्डाण आवश्यक असते आणि त्यांपैकी १२ तास एकट्याने करावे लागते. परंतु शिक्षकाने सर्वांत अधिक वेळ खर्ची घातला तो जमिनीवर. पंखांवर हिमकणांचा पातळ थर असला तरी विमानाची उचल घटते, म्हणून पंख हाताने पुसावयाचे. इंजिनावर रजई घालून त्यास आधी ऊब द्यावयाची. अतिथंड हवेत उंचीमापक खऱ्याहून अधिक उंची दाखवितो, हे ध्यानी धरावयाचे. निजण्याची पिशवी, कुऱ्हाड, काड्यापेटी व शिधा बरोबर घ्यावयाचा. आणि कोठे चाललो व केव्हा पोहोचू, याची नोंद मागे ठेवावयाची. ठरल्या वेळेनंतर तासाभरात खबर आली नाही, तर शोध सुरू होतो.

या शेवटच्या नियमाचा अर्थ आम्हांस एका मार्च महिन्यात उमगला. आमचा एक देने जमातीचा सहकारी सरोवराच्या पूर्व बाहूवरील लुत्सेल्के या खेड्याचा. तेथे त्याची मावशी वारली. आईमागे तिनेच त्यास वाढविले होते. दुसऱ्या दिवशी दफनविधी होता आणि नेहमीच्या विमानात जागा उरली नव्हती. त्याने आम्हांस विचारले. हवामानाचा अंदाज बरा होता. आम्ही निघालो.

निम्मी वाट सरल्यावर समोरचे ढग खाली आले आणि हिमवर्षाव सुरू झाला. खाली गोठलेले पांढरे सरोवर, वर पांढरे आकाश, आणि त्या दोहोंमधील क्षितिजरेषा दिसेनाशी झाली. अशा वेळी विमान सरळ आहे की कलले आहे हे शरीराला कळत नाही; आणि केवळ उपकरणांवर विसंबून उडण्याचा आमचा परवाना नव्हता. मागे बेटे अद्याप स्पष्ट दिसत होती. आम्ही विमान वळविले. सहकाऱ्याने एकदा पूर्वेकडे पाहिले. यलोनाइफ येईपर्यंत तो एक शब्दही बोलला नाही.

धावपट्टीवर उतरल्यावर आम्ही क्षमा मागू लागलो, तेव्हा त्याने एवढेच विचारले, “आपण परतलो हे गावात कळविले का?” आम्ही कारण विचारता तो म्हणाला, “नाही कळले तर माझे मामा आणि भाऊ स्नोमोबाइल घेऊन आपल्याला शोधावयास निघतील. एका घरात एका आठवड्यात एकच मयत पुरे.”

आम्ही तत्काळ दूरध्वनी केला. हवा दोन दिवस उघडली नाही. दफनविधी त्याच्यावाचून झाला. तिसऱ्या दिवशी तो गेला, आणि परत आला तेव्हा आमच्यासाठी सुकवलेल्या माशांची एक पुडी घेऊन आला. जूनमध्ये तो पुन्हा आमच्या शेजारी बसून लुत्सेल्केस आला. खडीच्या धावपट्टीवर उतरताच तो प्रथम मावशीच्या थडग्याकडे गेला. आम्ही विमानापाशीच थांबलो.

बंधुभगिनींनो, आपली मुले आज दूरदूरच्या देशी जात आहेत. त्यांनी साहस करावे, असे आपण व्यासपीठावरून नेहमी सांगतो, आणि ते योग्यच आहे. परंतु आपला शोध घेण्यास कोण कोण घराबाहेर पडेल, याची मोजदादही त्यांनी निघण्यापूर्वी करावी. विमान कधी वळवावे, हे आम्हांस त्या मोजदादीने शिकविले. आणि घरी राहिलेल्या वडीलधाऱ्यांना आमची विनंती एवढीच की, मुलगा अर्ध्या वाटेवरून परतला, तर “का परतलास?” असा प्रश्न त्यास उंबरठ्यावरच विचारू नये. आधी पाण्याचा तांब्या पुढे करावा.